बास सुटतो तो लाईनमुळे: या चुका टाळा

दर मार्चमध्ये मला तोच फोन येतो. डॅलसमध्ये नवा आलेला एखादा मराठी मुलगा असतो. टेक्सासचं मासेमारीचं लायसन काढलेलं, दुकानातून रॉड, रीळ आणि तीस-चाळीस रंगीबेरंगी नकली आमिषं आणलेली. आणि प्रश्न एकच: "काका, लाईन किती पौंडी घेऊ?" म्हणजे किती पौंडांच्या ओढीपर्यंत न तुटणारी. मी विचारतो, कशासाठी? तो म्हणतो, बाससाठी. इथेच गाडी चुकीच्या फाट्याला लागते.

लाईन माशासाठी घ्यायची नसते, आमिषासाठी घ्यायची असते. मासा तोच, लार्जमाउथ बास. दोन-तीन पौंडांचा, नशीब जोरावर असेल तर सहा-सात. पण त्याच्यापुढे नाचवायची वस्तू कधी पाण्यावर तरंगते, कधी दहा फूट बुडी मारते, कधी तळाच्या गाळातून सरपटते. आमचे बाबा मालवणात एकाच तंगुसावर सगळं गरवायचे. गरीला कोळंबी लावून खाली सोडायची एवढंच काम असल्यावर ते चालायचंही. इथे लाईन स्वतःच आमिषाला वर उचलते नाहीतर खाली ओढते.

लाईनचे प्रकार तीन. नायलॉन, म्हणजे आपला तंगूस: पाण्यापेक्षा किंचित जड, घनता १.१४ च्या आसपास, बुडतो पण सावकाश, आणि चांगला ताणतो. फ्लुरोकार्बन: घनता १.७८, सरळ तळ गाठतो, घासाला चिवट. तिसरी विणलेली लाईन. 'ब्रेड' हे इंग्रजी नाव घरात घेतलं की बायको अमूल बटर काढते, म्हणून मी या लाईनला वेणी म्हणतो. घनता ०.९७, म्हणजे तरंगते, आणि ताण जवळपास शून्य. ६५ पौंडी वेणी साधारण १६ पौंडी तंगुसाइतकी जाड असते. हे एवढं डोक्यात बसलं की निम्मे फोन बंद व्हायला हवेत. होत नाहीत.

पाण्यावरच्या आमिषाला फ्लुरोकार्बन

ही माझी लाडकी चूक, कारण मी स्वतः ती एक अख्खी सकाळ केली आहे. लेक फोर्क, मे महिना, उजाडताना. डॅलसच्या पूर्वेला असलेल्या या तलावात धरण बांधताना बरीच झाडं तशीच उभी ठेवली होती. त्यांचे काळे बुंधे अजून पाण्यातून डोकं काढून असतात. त्या बुंध्यांच्या मधल्या मोकळ्या पाण्यात मी सिगारच्या आकाराचं आमिष नाचवत होतो. मनगटाला हलका झटका, ते डावीकडे; दुसरा झटका, उजवीकडे. निदान तसं व्हायला हवं होतं. माझं आमिष दोन पावलं चालायचं, मी थांबलो की नाक पाण्यात खुपसायचं आणि पुढच्या झटक्याला वळायच्या ऐवजी बुडी मारायचं. बास खालून यायचे, पाणी उसळायचं, आणि हाताला काहीच नाही. चार वेळा.

मी रॉड बदलला, आमिष बदललं, रंग बदलला. शेजारच्या बोटीतले एक आजोबा बराच वेळ बघत होते. शेवटी जवळ येऊन त्यांनी माझी लाईन दोन बोटांत धरली, नखाने जरा चाचपली आणि नुसतं "फ्लुरो?" एवढंच विचारलं. मी अभिमानाने हो म्हणालो, चांगली महाग १५ पौंडी होती. ते हसले आणि गेले.

घोटाळा असा होता. मी लांब फेकत होतो. तेवढी लाईन पाण्यावर पडली की झटक्यांच्या मधल्या थांब्यात ती बुडायला लागते आणि आमिषाचं नाक आपल्याबरोबर खाली नेते. जवळ फेकलं तर हा दोष दिसतही नाही, म्हणून अंगणात किंवा धक्क्यावर करून बघणाऱ्याला सगळं ठीक वाटतं. त्या दिवसापासून माझी सवय ठरली: पाण्यावर तरंगणाऱ्या, तिहेरी गरीच्या आमिषाला १५ पौंडी तंगूस. वेणी लावायचीच असेल तर पुढे दीड-दोन फूट तंगुसाचा तुकडा जोडतो. नुसती वेणी इतकी लुळी असते की पुढच्या गरीला विळखा घालते, आणि मग आमिष शेपटीकडून ओढलं जातं.

"फ्लुरो माशाला दिसत नाही ना पण?" हा ठरलेला प्रश्न. पूर्ण अदृश्य तीही नसते. पाण्याचा वक्रीभवनांक १.३३, फ्लुरोचा १.४२, नायलॉनचा १.५ च्या वर. म्हणजे कमी दिसते, इतकंच. आणि पाण्यावर फडफडणाऱ्या आमिषावर झेपावणारा बास लाईनकडे बघत बसत नाही.

बेडकाला तंगूस

रबरी बेडूक कमळाच्या पानांवरून आणि हायड्रिला या पाणवनस्पतीच्या गालिच्यावरून ओढायचा असतो. तिथे ५० ते ६५ पौंडी वेणी, दुसरं काही नाही. मासा मोठा असतो म्हणून नव्हे, तर माशाबरोबर चार-पाच किलो शेवाळही ओढून आणायचं असतं म्हणून. तंगूस ताणतो, गरी रुतत नाही, बास पानांत शिरतो, विषय संपला.

क्रँकबेटला वेणी

वरच्याच्या बरोबर उलट. क्रँकबेट म्हणजे ओढलं की बुडी मारणारं नकली आमिष. बास ते तोंडात ओढून घेतो तेव्हा लाईनने किंचित ढील द्यायला हवी. वेणी ती देत नाही आणि बारीक तिहेरी गरी ओठ फाडून बाहेर येते. १० किंवा १२ पौंडी फ्लुरो घ्या. "जास्त बळकट" म्हणून २० पौंडी घातलीत तर जाड लाईनला पाणी जास्त अडवतं आणि दहा फुटांवर जाणारं आमिष तिथवर पोचतच नाही. मग दोष आमिषाला.

कोरडी गाठ

आता ज्याने मला खरोखर छळलंय ते. माझ्या एका मित्राचे एका रविवारी सलग तीन मासे सुटले. प्लास्टिकचं गांडूळ, १० पौंडी फ्लुरो, निवळ पाणी, निवड अगदी बरोबर. प्रत्येक वेळी तो लाईनच्या कंपनीला शिव्या घालायचा आणि दोन मिनिटांत नवी गरी बांधून पुन्हा फेकायचा. तिसऱ्यांदा मी त्याच्या हातातून लाईन घेतली आणि टोक बघितलं. डुकराच्या शेपटीसारखं गोल गोल वळलेलं होतं.

ते टोक सगळं सांगतं. वळलेलं असेल तर गाठ सरकली, लाईन तुटलेलीच नाही. खरबरीत, पांढुरकं असेल तर ती कुठेतरी बुंध्यावर नाहीतर माशाच्या कानसेसारख्या दातांवर घासली होती. पण टोक बघायला थांबावं लागतं, आणि मासा सुटल्यावर थांबणं नवशिक्याला जमत नाही.

मित्र गाठ कोरडीच आवळत होता, तीही झटक्याने. फ्लुरो अशी आवळली की घर्षणाने तापते आणि गाठीपाशीच कमकुवत होते. मी पालोमर गाठ मारतो. बांधली की तोंडात धरून ओली करतो, मग सावकाश, एका दमात आवळतो. शेवटी गरी बोटीच्या खुंटीला अडकवून चांगला हिसका देतो. तुटायची असेल तर तिथेच तुटू दे. वीस सेकंदांचं काम आहे. "व्हिडिओमध्ये तर दहा सेकंदांत बांधतात" हे मला सांगू नका. व्हिडिओमधला मासा सुटलेला भाग कापलेला असतो.

प्रत्येक चांगल्या माशानंतर शेवटचं वीतभर बोटांतून फिरवा. खरखर लागली की कापा आणि नव्याने बांधा. मी खिशात नेलकटर ठेवतो, दात वापरत नाही. दंतवैद्याचं इथलं बिल बघा.

बाकीच्या, थोडक्यात

वेणी थेट रिळाला बांधली की सगळी लाईन रिळावर गरगर फिरते आणि तुम्ही ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक, बिघडला म्हणता. खाली आधी थोडा तंगूस गुंडाळा, किंवा टेपचा एक तुकडा लावा.

स्पिनिंग रिळावर १५ पौंडी फ्लुरो घालू नका, स्प्रिंगसारखी उसळते. तिथे मी १० पौंडी वेणी आणि पुढे ६ ते ८ पौंडी फ्लुरोचा तुकडा वापरतो.

लाईनला पीळ पडला असेल तर आमिष काढा, मोकळी लाईन चालत्या बोटीमागे सोडा, दोन मिनिटांनी गुंडाळा. आणि स्पिनिंग रिळावरची तारेची कमान हाताने बंद करायला शिका, हँडल फिरवून नको.

गांडुळाला स्नॅपची कडी लावू नका. आळस दिसतो, माशालाही.

तंगूस दर हंगामाला बदला, स्वस्त असतो. गेल्या महिन्यात एकाने मला गॅरेजमधून तीन वर्षांपूर्वीचं रीळ काढून दाखवलं, "अजून भरलेलंच आहे काका, वाया कशाला घालवायचं?" मी हातभर लाईन ओढून बोटाला दोन वेढे दिले आणि हलका झटका दिला. तुकडा माझ्या हातात आला. तो म्हणाला, "मग वरची थोडी काढून टाकू का?"