साताऱ्यातले वाडे, देवळं, विहिरी बघायला निघताय? आधी किल्लीचं बघा

पाणी, टोपी, फोनचं चार्जिंग हे तुम्हाला कळतं, त्यात वेळ घालवत नाही. सातारा जिल्ह्यातल्या जुन्या वास्तू बघायला निघताना पहिली तयारी एकच: जिथं जायचंय तिथली किल्ली कुणाकडे असते ते आदल्या संध्याकाळी माहीत पाहिजे. गावात पोचल्यावर नाही, आदल्या संध्याकाळी.

गड आणि घाट उघडे असतात, तिथं कुणी अडवत नाही. पण गुरव दुपारी गाभाऱ्याला कुलूप घालून जेवायला जातो. वाड्याचे मालक पुण्या-मुंबईला आणि किल्ली शेजारच्या घरात असते, आणि त्या घरातली माणसं सकाळी रानात गेली की दिवस मावळताना परततात. मागच्या खेपेला एका गढीच्या बंद दरवाजासमोर दुपार काढून परत फिरावं लागलं. किल्लीवाले लग्नाला गेले होते. आधी फोन आला असता तर किल्ली सुनेकडे ठेवून गेलो असतो, असं त्यांनी नंतर कळवळून सांगितलं. त्या पावसाळ्यात गढीची मागची भिंत बसली. जे आत होतं ते आता बघायला मिळणार नाही, म्हणून एवढं जीव तोडून सांगतोय.

नंबर कसा मिळवायचा? ग्रामपंचायतीत विचारा, पोलीस पाटलांना विचारा, नाहीतर स्टँडवरच्या किराणा दुकानात. फोनवर आधी आपलं नाव-गाव सांगा, किती जण आहात आणि साधारण किती वाजता येणार ते सांगा. "काका, उद्या दहाच्या सुमारास आलो तर वाडा बघता येईल का?" एवढं पुरतं. मग लगेच दुसरा प्रश्न: तुम्ही नसलात तर किल्ली कुणाकडे? हे दुसरं नाव घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. सकाळी निघताना पुन्हा एक फोन करा. तुम्हाला जास्तीचं वाटेल, तरी करा.

तारीख ठरवताना पंचांग उघडा. पौष पौर्णिमेला मांढरदेवची यात्रा असते, रंगपंचमीला बावधनचं बगाड. त्या दिवसांत वाईकडे वाडे बघायला जाण्यात अर्थ नाही. चैत्रात शिखर शिंगणापूर भरलेलं असतं. आषाढात माउलींची पालखी लोणंद-फलटणवरून जाते तेव्हा तो रस्ताच धरू नका. पावसाळ्यात विहिरींच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, तिथं पाय घसरला तर धरायला काही नसतं. पावसाळा सरल्यापासून माघापर्यंतचे दिवस उत्तम. फक्त तेव्हा ऊसतोड सुरू असते, ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागे वेळ जातो, तो धरून चाला.

एका दिवशी एकच भाग घ्या. वाई, प्रतापगड आणि कराड एका दिवसात उरकायचं म्हणणाऱ्यांना मी बरोबर नेत नाही. वाईचाच दिवस घ्या. ढोल्या गणपतीचं देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलं. पाठीमागची भिंत माशासारखी निमुळती केली आहे, कृष्णेचा पूर त्यावर दुभंगून जावा म्हणून. पुढे तीन-चार किलोमीटरवर मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा आणि खालचा घाट. घाटावरच्या पोर्तुगीज घंटेपाशी थांबा. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, त्या विजयातली ती घंटा. वाड्यात भित्तिचित्रं आहेत, तिथं फ्लॅश मारू नका, भिंतीला हात लावू नका. वाडा खाजगी आहे, तेव्हा वेळ आधी विचारा. परत तेच सांगतोय, कारण बहुतेक जण हेच विसरतात. मग धोमचं नरसिंहाचं देऊळ. एवढ्यात दिवस संपतो, आणि संपू द्या.

दुसरा दिवस साताऱ्याच्या आसपास. लिंबची बारा मोटांची विहीर १७१९ ते १७२४ या काळात वीरूबाई भोसले यांनी बांधून घेतली. अष्टकोनी, सुमारे ११० फूट खोल, आणि विहिरीतच महाल. नुसतं वरून वाकून बघून जाणारे लोक बघितले की वाईट वाटतं. खाली उतरा, कमानीखाली उभे राहून वर बघा, मग मोटा कुठं चालत असतील ते डोळ्यांपुढे येतं. कृष्णा आणि वेण्णेच्या संगमावर माहुली आहे, तिथली देवळं आणि समाध्या निवांत बघा. पाटेश्वरला जाणार असाल तर बॅटरी लागेलच. मोबाईलचा उजेड त्या अंधाऱ्या गुहांत पुरत नाही आणि चार्जिंगही खातो. कराडजवळच्या आगाशिवच्या बौद्ध लेण्यांतही तेच. शिवाय कड्यांवर आग्यामोहोळं असतात. अत्तर नको, धूर नको, आरडाओरडा तर नकोच.

बॅटरीचा आणखी एक उपयोग शिलालेखासाठी. अक्षरं झिजलेली असली की उजेड समोरून न टाकता बाजूने, दगडाला अगदी लागून टाकायचा. खाचेत सावली पडते आणि अक्षर उठतं. खडू, पीठ, पावडर, तेल यातलं काहीही दगडाला चोळू नका. कुणी चोळताना दिसलं तर थांबवा. वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड, खालून वर वाचायचा: खाली लढाई आणि वीराचं मरण, मधे अप्सरा त्याला नेताहेत, वर तो शंकराच्या पिंडीपुढे हात जोडून. कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात दिसला तर तो सतीचा दगड. हे दगड बहुतेक वेळा मारुतीच्या पाठीमागे नाहीतर पाराखाली पडलेले असतात आणि त्यांच्यावर कसलाही फलक नसतो. ते दाखवतो तो किल्लीवालाच. कुलूप उघडून झाल्यावर तो विचारतो, "मागचे दगड बघितले का?" म्हणूनही त्याला आधी फोन करायचा, आणि आल्यावर घाई करायची नाही. चहा देतील, घ्या.

देवळात चप्पल बाहेर काढावी लागते आणि दुपारी फरसबंदी तापते, म्हणून जाड मोजे पिशवीत टाका. दानपेटीसाठी सुट्टे पैसे ठेवा. दिवाबत्ती त्यातूनच चालते.

औंध वेगळ्या दिवशी. श्री भवानी संग्रहालय औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभं केलं, तिथं राजा रविवर्म्यांची चित्रं आहेत, हेन्री मूरचं शिल्पही आहे. साप्ताहिक सुट्टी आणि वेळ आधी विचारा. यमाईचा डोंगर संध्याकाळी चढा. फलटणचा राजवाडा आणि जबरेश्वराचं देऊळ जमलं तर.

जावळी-पाटणकडे रेंज जाते, नकाशा आधी उतरवून ठेवा. फोटोंना त्याच रात्री गावाची नावं द्या, आठवड्याने सगळ्या कमानी सारख्याच दिसतात. भिंतीत पिंपळ रुजलेला दिसला तर फोटो काढून ग्रामपंचायतीत द्या, लहान आहे तोवर निघतो. किल्लीवाल्यांनाही दोन फोटो पाठवा, आणि त्यांचा नंबर गावाच्या नावानिशी साठवून ठेवा.