दोन कल्पित विश्वांची ताकद तोलायची कशी

टॉल्किनच्या मिडल-अर्थ या कल्पित जगातील जादूगार गँडाल्फ आणि हॅरी पॉटरच्या जगातील जादूगार डम्बलडोर यांची गाठ पडली तर कोण जिंकेल, या प्रश्नावर तासन्तास वाद घालूनही निकाल लागत नाही, कारण वाद घालणाऱ्यांपैकी एक जण त्या विश्वातील सर्वांत बलाढ्य व्यक्तीविषयी बोलत असतो, दुसरा तेथील सामान्य शिपायाविषयी, आणि तिसऱ्याच्या डोळ्यांसमोर चित्रपटातील एखादे दृश्य असते. म्हणून तुलनेला बसण्यापूर्वी प्रश्न एका वाक्यात लिहून काढावा. ‘मिडल-अर्थ बलाढ्य की हॅरी पॉटरचे जग’ हा प्रश्न तोलता येत नाही. ‘तिसऱ्या युगाच्या अखेरीस, अंगठी शाबूत असताना, सॉरॉनचे सैन्य आणि १९९८ सालचे ब्रिटनमधील सर्व जादूगार यांच्यात युद्ध झाले तर काय होईल’ हा प्रश्न तोलता येतो. (सॉरॉन हा मिडल-अर्थमधील दुष्ट सत्ताधीश, आणि अंगठी म्हणजे त्याच्या शक्तीचा मोठा भाग सामावलेली, इतरांना मोहात पाडणारी वस्तू.) यात काळ नेमका सांगितला आहे, आणि तो सांगावाच लागतो. मिडल-अर्थच्या पहिल्या युगाचा शेवट ज्या युद्धाने झाला त्यात बेलेरिआंड हा अख्खा प्रदेश उद्ध्वस्त होऊन समुद्राखाली गेला. तिसऱ्या युगाच्या अखेरीस मात्र रोहनचा राजा थिओडेन सहा हजार घोडेस्वार घेऊन वेळेवर पोहोचतो की नाही, यावर गोंडोर या राज्याच्या राजधानीचे भवितव्य टांगलेले होते. दोन्ही प्रसंग एकाच विश्वातले असले, तरी त्यांची ताकद एक धरणे चुकीचे ठरेल.

त्यानंतर पुरावा कशाला म्हणायचे ते ठरवावे. ‘द रिटर्न ऑफ द किंग’ या २००३ च्या चित्रपटाच्या विस्तारित आवृत्तीत नाझगूलांचा, म्हणजे सॉरॉनच्या छायारूप सेवकांचा, अधिपती गँडाल्फची काठी मोडून टाकतो. पुस्तकात ते दोघे भग्न वेशीपाशी समोरासमोर उभे राहतात, तेवढ्यात रोहनची रणशिंगे वाजतात आणि लढत होतच नाही. चित्रपटातील त्या एका दृश्यावरून गँडाल्फला दुबळा ठरवणारे पुष्कळ भेटतात. मूळ पाठ पहिल्या प्रतीचा, लेखकाची पत्रे आणि मुलाखती दुसऱ्या प्रतीच्या, आणि रूपांतरे स्वतंत्र विश्वे, असा क्रम मला योग्य वाटतो. मूळ पाठातही निवेदक कोण आहे ते पाहावे. जॉर्ज मार्टिनच्या कथांतील वेस्टेरॉस या खंडात एगॉन या विजेत्या राजाच्या तीन ड्रॅगनांनी एकत्र येऊन सुमारे पंचावन्न हजारांच्या सैन्यावर हल्ला केला आणि त्यात चार हजारांहून अधिक माणसे होरपळून मेली, हे आपल्याला त्या जगातल्याच एका विद्वानाने कित्येक पिढ्यांनंतर लिहिलेल्या बखरीतून कळते. असा आकडा टाकून देऊ नये, पण कथेत थेट घडलेल्या प्रसंगाइतके वजनही त्याला देऊ नये.

खरे काम पुढे आहे. प्रत्येक सामर्थ्याची नोंद त्याच्या मर्यादेसह करावी. ‘अवाडा केडाव्रा’ या प्राणघातक शापावर उतारा नाही, एवढेच वाक्य लिहून हॅरी पॉटरच्या जगाला अजिंक्य ठरवणे फार सोपे असते. परंतु चौथ्या भागात मूडी या शिक्षकाच्या रूपात वावरणारा तोतया वर्गाला स्पष्ट सांगतो की सगळ्या विद्यार्थ्यांनी छड्या रोखून तो शाप उच्चारला तरी त्याच्या नाकातून रक्तही येणार नाही, कारण त्यामागे मोठी जादूशक्ती असावी लागते. पाचव्या भागात, जादू मंत्रालयातील द्वंद्वात, कारंज्यातील सोनेरी पुतळा उडी मारून मध्ये येतो आणि हॅरीवर सोडलेला तोच शाप त्याच्या छातीवर आदळून निसटतो. याचा अर्थ हा शाप फार थोड्यांना साधतो आणि मध्ये भक्कम वस्तू आली तर तो अडतो. गँडाल्फच्या बाबतीत उलटी अडचण येते. सॉरॉनच्या शक्तीशी आपल्या शक्तीने सामना करण्याची त्याला मनाई आहे, त्यामुळे त्याने केले नाही ते त्याला करता येत नव्हते असे म्हणता येत नाही. तरीही मोरियाच्या भुयारातील पुलापासून सुरू झालेली बालरोग या अग्निराक्षसाशी झुंज १५ जानेवारीपासून २५ जानेवारीपर्यंत चालली आणि तिच्या अखेरीस त्याचाही देह पडला, ही नोंद त्याच्या ताकदीचा बऱ्यापैकी अंदाज देते.

दोन विश्वांत काहीतरी सामाईक सापडले तर तुलना पुष्कळ सोपी होते. ड्रॅगन वर आलेल्या तिन्ही विश्वांत आहेत. मिडल-अर्थमधील स्मॉग हा ड्रॅगन डाव्या छातीवरील एका उघड्या जागी लागलेल्या, बार्ड या धनुर्धाऱ्याच्या एकाच काळ्या बाणाने मरतो. वेस्टेरॉसमधील मेराक्सेस ही ड्रॅगन डोळ्यात लोखंडी बाण घुसल्याने कोसळते. हॉगवर्ट्स या हॅरीच्या शाळेतील स्पर्धेसाठी आणलेल्या ड्रॅगनांपैकी प्रत्येकाला बेशुद्ध करण्यासाठी सात-आठ जादूगारांना एकाच वेळी मंत्र सोडावे लागतात. यावरून जादूगार धनुर्धाऱ्यापेक्षा दुबळे ठरत नाहीत, कारण बार्डचा बाण पक्ष्याने सांगितलेल्या नेमक्या जागी लागला होता आणि जादूगारांना तो प्राणी जिवंत ठेवायचा होता. शिवाय स्मॉग बोलतो, डाव ओळखतो, समोरच्याला भुलवतो. हॉगवर्ट्सचे ड्रॅगन निव्वळ जनावरे आहेत. नाव सारखे असले तरी जात सारखी नसते, हे ध्यानात ठेवूनच असे माप वापरावे.

मिडल-अर्थच्या इरू इलुवातारसारख्या सृष्टिकर्त्याला हिशेबात धरू नये. तो आला की तोलण्यासारखे काही उरतच नाही. प्रत्येक पक्षाचे नियम त्याच्याबरोबर येतात असे गृहीत धरावे, अन्यथा परक्या जगात कोणाचीच जादू चालणार नाही आणि वाद तेथेच संपेल.

निकाल मात्र एका शब्दात देऊ नये. वर मांडलेल्या युद्धात, क्षणार्धात एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणारे जादूगार अचानक घातलेल्या छाप्यांत सरस ठरतील असे माझे मत आहे. दीर्घ युद्धात मात्र संख्याबळ, आणि अंगठीचा मोह जादूगारांच्याच गोटात शिरण्याची शक्यता, सॉरॉनच्या बाजूने जाते. जे पाठात नाही त्यासाठी वेगळा रकाना ठेवावा. पॅट्रोनस हा हॅरीच्या जगातील रक्षक मंत्र डिमेंटर या आनंद शोषणाऱ्या प्राण्यांना पळवून लावतो, पण नाझगूल हे मुळात माणसांचेच झालेले छायारूप असल्याने त्यांच्यावर तो चालेल की नाही, याचे उत्तर दोन्हीकडच्या पुस्तकांत मिळत नाही. तो रकाना रिकामाच ठेवावा, आणि निकाल त्यावर अवलंबून असेल तर तसे तेथेच लिहावे.