ऑरगॅनिक कॉफीलाही बुरशी लागते: या चुका टाळा

चिकमगळूरहून येताना एका मळ्यातून अर्धा किलो कच्च्या बिया आणल्या होत्या. ऑरगॅनिक, छान कापडी पिशवीत. ठाण्याच्या घरी पिशवी माळ्यावर गेली ती गेलीच. गणपतीचं मखर काढायला चढलो तेव्हा हाताला लागली. उघडली तर भिजलेल्या गोणपाटासारखा वास, आणि बियांच्या मधल्या चिरेत राखाडी-हिरवी लव. बायको म्हणाली, टाकून दे. मी म्हटलं, भाजलं की जाईल.

इथेच चुकत होतो. भाजल्यावर बुरशी मरते, पण तिने आधीच सोडलेलं विष सगळं जळत नाही. कॉफीत मुख्य काळजी असते ऑक्राटॉक्सिन-एची. अ‍ॅस्परजिलस गटातल्या काही बुरशा ते तयार करतात, आणि ते मूत्रपिंडाला बाधतं. भाजताना त्याचं प्रमाण बरंच उतरतं, त्यामुळे रोजच्या कपाला घाबरायचं कारण नाही. पण डोळ्यांना बुरशी दिसतेय अशा बियांना हा हिशोब लावू नका. पिशवी कचऱ्यात गेली.

दुसरा गैरसमज जास्त पसरलेला: ऑरगॅनिक म्हणजे बुरशी नाही. अहो, तो शिक्का शेतात कोणती खतं घातली, काय फवारलं याचा. ही बुरशी बहुधा धरते ती तोडणीनंतर. खळ्यावर फळांचा थर जाड पसरला, वेळेवर हलवला नाही, रात्री दवात उघडा राहिला, की झालं. कच्च्या बीत पाणी साडेबारा टक्क्यांच्या वर नको, हा व्यापारातला दंडक त्यासाठीच. उलटं बोलणारेही भेटतात, ‘ऑरगॅनिकवर बुरशीनाशक मारत नाहीत, म्हणजे विष जास्त.’ तेही कच्चंच. कॉफीच्या मळ्यात बुरशीनाशक फवारतात ते मुख्यतः पानांवरच्या तांबेऱ्यासाठी. ओल्या खळ्यावर त्याचा काय उपयोग?

‘बुरशीमुक्त’ असं छापून दुप्पट भाव लावणारा भेटला, तर ऑक्राटॉक्सिनच्या चाचणीचा आकडा मागा. युरोपीय संघात २०२३ पासून भाजलेल्या कॉफीला किलोमागे ३ मायक्रोग्रॅम आणि इन्स्टंटला ५ मायक्रोग्रॅम ही मर्यादा आहे. आकडा देता येत नसेल, तर तो शब्द नुसती सजावट.

काही वेळा उगाच घाबरायला होतं. डार्क रोस्ट बियांवरची चकाकी तेलाची असते. ‘मान्सून्ड मलबार’ नावाच्या कॉफीच्या बिया फुगीर आणि फिक्या सोनेरी असतात, कारण त्या मुद्दाम किनाऱ्यावरच्या पावसाळी हवेत ठेवलेल्या असतात. इन्स्टंटचा गोळा झाला तर ओल शिरली एवढंच; बहुतेकदा ओल्या चमच्याची करामत. मात्र कुबट वास किंवा लव दिसली, तर वरचा थर काढून खालची वापरू नका, अख्खी बाटली टाका.

डबा फ्रिजमध्ये ठेवून रोज उघडायचा हीही सवय सोडा. गार पावडरीवर बाहेरची दमट हवा लागली की पाणी धरतं. पावसाळ्यात पाव किलोच आणावी, घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात, गॅसपासून लांब.

आणि फिल्टरमधला चोथा. रविवारी कॉफी करून गावाला गेलात, गुरुवारी परतलात, तर फिल्टर उघडण्याआधी खिडकी उघडा.