घरच्यांच्या नजरेत न येणारं मदतीचं ॲप बनवताय? या चुका टाळा

लग्नाची घाई, घरातली मारहाण, नात्यातल्याच कुणाचा त्रास. अशा कोंडीत सापडलेल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीसाठी ॲप बनवणार असाल, तर त्यात काय काय असेल हे ठरवण्याआधी फोन कुणाचा आहे ते विचारा. अनेक घरांत तो वडिलांचा किंवा भावाचा असतो. मुलीच्या हाती अभ्यासापुरता येतो आणि परत घेताना कुणीतरी तो चाळून बघतं. पुढच्या जवळजवळ सगळ्या चुका या माणसाचा विसर पडल्यामुळे होतात.

आयकॉन बदलला की काम झालं, असं धरून चालणं

अँड्रॉइडवर होम स्क्रीनवरचा आयकॉन आणि त्याखालचं नाव बदलता येतं. सेटिंग्जमधल्या ॲप्सच्या यादीत आणि प्ले स्टोअरमध्ये मात्र मूळ नाव तसंच राहतं. कॅल्क्युलेटरचं सोंग तर घेऊच नका. फोनमध्ये एक कॅल्क्युलेटर असताना हा दुसरा कशाला, हे भावाला लगेच खटकेल. शिवाय ॲपचं खरं काम दडवणारं वर्णन प्ले स्टोअरच्या धोरणात बसत नाही. त्यापेक्षा खरोखर उपयोगाचं ॲप बनवा: शिष्यवृत्त्या, दहावीनंतरचे अभ्यासक्रम, वसतिगृहांचे अर्ज. मदतीचा भाग त्याच्याच आत ठेवा. वर्णनात ‘मुलींचे हक्क आणि मदत’ असं साधेपणानं लिहा. कुणी विचारलंच, तर मुलीला खरं उत्तर देता आलं पाहिजे.

ओटीपी मागणं

सिम वडिलांचं असेल तर ओटीपीही त्यांनाच दिसणार, आणि पाठवणाऱ्याच्या जागी संस्थेच्या नावाची अक्षरं. नोंदणीच नको. नाव, गाव, शाळा, लोकेशन यातलं काही मागू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांची माहिती हाताळण्यासाठी पालकांच्या पडताळलेल्या संमतीची तरतूद आहे. इथे तर अनेकदा पालकांपासूनच धोका असतो. म्हणून वकिलाचा सल्ला पहिला आराखडा काढतानाच घ्या.

फिंगरप्रिंटचं कुलूप लावणं

फोनमध्ये ज्यांची बोटं नोंदवलेली आहेत, त्या सगळ्यांना हे कुलूप उघडतं. मदतीच्या भागाला वेगळा पिन द्या. जोडीला दुसरा पिन ठेवा, जो टाकल्यावर फक्त शिष्यवृत्त्यांची पानं उघडतील. समोर उभं राहून कुणी पिन टाकायला लावला, तर तो उपयोगी पडतो.

मागे राहणाऱ्या खुणा

इथे सर्वात जास्त वेळ द्या. ॲपमधून बाहेर पडल्यावरही ‘रिसेंट’मध्ये शेवटच्या पानाचं चित्र दिसत राहतं. ॲपच्या कोडमध्ये ‘फ्लॅग सिक्युअर’ (पानाचं चित्र घेऊ न देणारी अँड्रॉइडची सोय) लावला की ती चौकट कोरी दिसते. मुलीनं चॅटमध्ये टाइप केलेले शब्द कीबोर्ड शिकतो आणि मग वडील मेसेज लिहायला बसले की सुचवतो. शब्द लक्षात ठेवू नकोस अशी सूचना कीबोर्डला देता येते, पण प्रत्येक कीबोर्ड ती पाळेलच असं नाही. म्हणून शक्य तिथे टाइप करायला लावण्याऐवजी निवडायला पर्याय द्या. जखमेचा फोटो गॅलरीत गेला, तर तिथून घरच्या गूगल खात्यावर बॅकअप होऊ शकतो. तो ॲपच्या स्वतःच्या जागेतच ठेवा आणि ॲपचा बॅकअप बंद करा. नोटिफिकेशन पाठवूच नका, कितीही मोघम असलं तरी. आणि आवाज! एका खोलीच्या घरात व्हिडिओ आपोआप वाजू लागला, तर सगळंच उघडं पडेल.

थेट फोन लावून देणं

१०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आणि मानसिक आरोग्यासाठी टेली-मानसचा १४४१६, हे दोन्ही नंबर हवेतच. पण बटण दाबताच फोन लागला, तर नंबर कॉल लॉगमध्ये राहतो. आधी सांगा: ‘हा नंबर फोनमध्ये दिसेल. नंतर तेवढाच पुसायचा, सगळी यादी पुसलीस तर संशय येईल.’ शाळेतल्या बाई, मैत्रिणीची आई, आशाताई यांच्या फोनवरून बोलण्याचा मार्गही सुचवा.

‘कुणालाही कळणार नाही’ असं लिहिणं

ही चूक मला सर्वात गंभीर वाटते. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार, १८ वर्षांखालील मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली की ती पोलिसांना देणं बंधनकारक आहे. समुपदेशकही त्याला अपवाद नाहीत. मुलीनं विश्वासानं सगळं सांगितल्यावर तिला हे कळलं, तर ती पुन्हा कुणाजवळ बोलणार नाही. कोणती गोष्ट आमच्यातच राहील, कोणती पोलिसांना सांगावी लागेल आणि त्यानंतर काय होईल, हे चॅट सुरू होण्याआधी तिच्या बोलीत सांगा. काय सांगायचं, हे मग तिचं ती ठरवेल.

ऑफिसातल्या नव्या फोनवर चाचणी करणं

जुना, साठवण भरत आलेला, तडा गेलेल्या स्क्रीनचा फोन घ्या. त्यावर तासभर ॲप वापरा, मग या कामाची काहीच माहिती नसलेल्या सहकाऱ्याच्या हाती तो द्या आणि ‘या फोनवर काय चाललं होतं ते शोध’ एवढंच सांगा. त्याला जे जे सापडेल ते दुरुस्त करा, आणि पुढच्या वेळी फोन दुसऱ्या कुणाला द्या.