हलकी स्की, हलकं बाइंडिंग: लहान चणीच्या आणि वय झालेल्या स्कीअरनं या चुका टाळा

दुकानात शिरल्याशिरल्या स्की उचलून हातावर तोलायची, "किती हलकी आहे!" म्हणायचं आणि बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी आणि पडताना सोडणारी पकड, कुठलं बसवायचं ते दुकानदारावर सोपवून मोकळं व्हायचं. पन्नाशी-साठी ओलांडलेल्या, दीड मीटरच्या आसपास उंची आणि पन्नास किलोच्या आत वजन असलेल्या स्कीअरच्या बहुतेक अडचणी या उलट्या क्रमातून सुरू होतात. आधी बूट ठरवा. मग बुटाच्या तळव्याची लांबी, म्हणजे टाचेजवळ बाजूला कोरलेला मिलिमीटरमधला आकडा. त्यावरून सुटण्याचं सेटिंग, त्या सेटिंगला चालणारं बाइंडिंग, आणि सगळ्यात शेवटी स्की. हा क्रम कंटाळवाणा वाटतो म्हणून लोक तो मोडतात, आणि मग दोन हंगाम चुकीचं सामान पायाला लावून फिरतात.

चूक पहिली: बाइंडिंगचा खालचा आकडा न पाहणं

हीच सगळ्यात महागात पडणारी चूक, म्हणून तिच्यावर जरा सविस्तर.

बाइंडिंगवर ३–१०, ४–१२, ५–१३ असे आकडे असतात. किती जोर आला की बाइंडिंगनं बूट सोडायचा, हे ज्या सेटिंगवरून ठरतं त्याची ही मर्यादा. लोक वरचा आकडा पाहून "दणकट आहे" म्हणतात. लहान चणीच्या स्कीअरला वरच्या आकड्याशी काही देणंघेणं नाही. तिनं खालचा आकडा पाहायचा.

सेटिंग आयएसओ ११०८८ या मानकातल्या तक्त्यावरून काढतात. वजनाची एक ओळ आणि उंचीची एक ओळ मिळते. दोन्ही वेगळ्या आल्या तर कमी जोराची, म्हणजे तक्त्यातली वरची ओळ धरायची. मग स्कीइंगची पद्धत: सावध असेल तर पहिला प्रकार, मध्यम असेल तर दुसरा, जोरकस असेल तर तिसरा. दुसऱ्या प्रकाराला एक ओळ खाली आणि तिसऱ्याला दोन ओळी खाली जायचं. वय ५० किंवा त्याहून जास्त असेल तर एक ओळ वर. शेवटी त्या ओळीत आपल्या तळव्याच्या लांबीचा रकाना पाहायचा.

आता नेहमी दिसणारं प्रकरण बघा. वय ६४, उंची १५१ सेंमी, वजन ४७ किलो, बुटाचा तळवा २६५ मिमी. वजन ४२–४८ किलोच्या ओळीत म्हणजे 'एच'मध्ये पडतं आणि उंची १४९–१५७ सेंमीच्या 'आय'मध्ये. वरची ओळ 'एच', ती धरायची. सावध स्कीअर, त्यामुळे पहिला प्रकार. वयामुळे एक ओळ वर, 'जी'. २५१–२७० मिमीच्या रकान्यात उत्तर येतं २.७५. दुसऱ्या प्रकारात मोडत असेल तर ३.

अशा स्कीअरसाठी कुणीतरी चढाई आणि उतार दोन्हीला चालणारं हलकं बाइंडिंग घेतं. त्याची सुरुवात ५ पासून. दुकानात स्क्रू तळाला नेऊन ठेवतात आणि "सगळ्यात कमीवर ठेवलंय" असं सांगतात. ऐकायला धीर येतो. पण याच रकान्यात ५ हा आकडा ५८–६६ किलोच्या, 'जे' ओळीचा आहे. 'जी' ओळीत पिळाचा जोर २३ न्यूटन-मीटर झाला की बूट सुटायला हवा. 'जे' ओळीत तो ३७ लागतो. वेगात जोरात पडलं तर हे बाइंडिंग सुटेलही. घात होतो तो संथ पडण्यात: दिवस संपत आलेला, मांड्या थकलेल्या, वेग जवळजवळ नाही, स्कीचं टोक मऊ बर्फात रुततं आणि शरीर हळूहळू फिरतं. तिथे जोर सावकाश वाढतो, बाइंडिंग धरून बसतं आणि सगळा पीळ नडगीवर येतो.

मग सुरू होतो जुगाड. कुणीतरी स्क्रू बाइंडिंगवरच्या मापपट्टीच्याही खाली सैल करतं. खूण खिडकीतून दिसेनाशी होते, स्प्रिंगला हवा तेवढा ताण उरत नाही, आणि साध्या उंचवट्यावर टाच निघून येते. स्कीअर तोंडावर आपटते. घाबरून पुन्हा आवळतात, तेही गरजेपेक्षा जास्त. मापपट्टीच्या बाहेर कुठलंही सेटिंग नसतं; तिथे बाइंडिंग काय करेल ते बनवणाराही सांगू शकत नाही. यावरचा उपाय एकच, ते बाइंडिंग परत करणं.

आपलं सेटिंग २.५ ते ३.५ च्या घरात येत असेल तर २ किंवा २.५ पासून सुरू होणारं बाइंडिंग शोधा. ३ पासूनचं फक्त तेव्हाच चालेल, जेव्हा तक्ता ३ किंवा जास्त सांगतो. यात सोयही आहे. कमी आकड्यांच्या बाइंडिंगमध्ये स्प्रिंग लहान आणि धातू कमी, त्यामुळे ती बहुधा हलकीच असतात. लहान चणीच्या माणसाला हलकेपणा आणि सुरक्षितता इथे एकाच वस्तूत मिळतात, तरी लोक दणकटपणाच्या मागे धावतात.

फॉर्म भरताना खोटं लिहिणं

वजन चार किलो कमी, वय एकोणपन्नास, आणि स्कीइंगचा प्रकार तिसरा. तीस वर्षांपूर्वी जोरात स्की करायची म्हणून आजही "तिसरा" लिहिणाऱ्या बऱ्याच आहेत. वरच्या उदाहरणात वय लपवलं आणि दुसरा प्रकार लिहिला तर सेटिंग थेट 'आय'वर येतं, म्हणजे ४; तिसरा लिहिला तर 'जे'वर, म्हणजे ५. तो प्रकार म्हणजे तुमच्या कौशल्याला मिळालेले गुण नव्हेत. किती वेगात आणि किती तीव्र उतारावर जाता, एवढंच तो सांगतो.

हाडं ठिसूळ झाल्याचं निदान असेल तर तक्त्यात त्यासाठी वेगळा रकाना नाही. टेक्निशियनला स्पष्ट सांगा. पहिल्या प्रकारापेक्षाही खालचं सेटिंग मागता येतं. बदल्यात बाइंडिंग कधीतरी नको तेव्हा सुटेल, हे स्वीकारून. आणि एक गैरसमज दूर करा: हा तक्ता नडगीचं हाड वाचवण्यासाठी आहे. गुडघ्यातल्या लिगामेंटची हमी कुठलंही सेटिंग देत नाही.

माझी सवय: तळव्याची लांबी, वजन, ओळीचं अक्षर, सेटिंग आणि तारीख एका चिकटपट्टीवर लिहून बुटाच्या जिभेच्या आतल्या बाजूला लावायची. दर हंगामाला वजन पुन्हा करायचं. ४९ चं ४८ झालं तरी ओळ बदलते.

मुलांचं बाइंडिंग लावणं

आकडे जुळतात म्हणून हा मोह होतो. पण मुलांच्या बुटाचा तळवा आणि मोठ्यांचा तळवा यांची मापं आयएसओ ५३५५ मध्ये वेगळी आहेत, पुढच्या ओठाची जाडीसुद्धा. दोन्ही तळवे चालतात असं लिहिलेलं २–७ च्या आसपासचं बाइंडिंग असेल तर उत्तम, लहान चणीला ते फार शोभतं. तसं लिहिलेलं नसेल तर हात लावू नका. चढाईच्या बुटांचे वक्र रबरी तळवे आणि ग्रिपवॉक, म्हणजे उताराच्या बुटाला चालायला सोपे केलेले तळवे, यांचीही मानकं वेगळी आहेत. "बसतंय की" म्हणजे जुळतंय असं नाही. बूट बसतो, पण सुटताना अडकतो.

फक्त स्कीचं वजन पाहणं

दोनशे ग्रॅम हलकी स्की मिळावी म्हणून चार महिने शोध घ्यायचा आणि तिच्यावर प्लेटसकट येणारं जड बाइंडिंग स्वीकारायचं, ही दुसरी मोठी चूक. अनेक स्की बाइंडिंगच्या रुळासकट विकल्या जातात. त्या रुळावर त्याच घराण्याचं बाइंडिंग बसतं, हलकं बसवण्याची वाटच उरत नाही. सपाट स्की घेऊन स्क्रूनं बसवायचं हलकं बाइंडिंग निवडलं तर जोडीमागे अर्ध्या किलोपर्यंत फरक पडतो. स्कीमध्ये तेवढं वजन वाचवायला फार मोठी तडजोड करावी लागते.

माहितीपत्रकातले आकडेही नीट वाचा. काही ठिकाणी वजन एका स्कीचं असतं, काही ठिकाणी जोडीचं. तेही एखाद्या ठरावीक लांबीचं, तुमच्या लांबीचं नव्हे. बाइंडिंगचं वजन कधी ब्रेकशिवाय, म्हणजे बूट सुटल्यावर स्की थांबवणाऱ्या काट्यांशिवाय, दिलेलं असतं. म्हणून सामान तोलायचा लटकता काटा घ्या आणि एका पायाचं सगळं एकत्र तोला: स्की, बाइंडिंग, ब्रेक, बूट. लहान मापाचा उताराचा बूटही दीड किलोच्या वर सहज जातो, म्हणजे कित्येकदा स्कीपेक्षा बूटच जड असतो. तिथे तीनशे ग्रॅम कमी झाले तर पायाला लगेच कळतं.

आता दुसरं टोक. एक किलोच्या आसपासची कार्बनची चढाईची स्की लिफ्टच्या उतारांवर रोज वापरायला घेणं. कडक बर्फावर ती थरथरते. दुपारी तुडवलेल्या, ढेकळं झालेल्या बर्फात तिचं टोक इकडेतिकडे फेकलं जातं, आणि ते सावरायला घोटे आणि मांड्या दिवसभर राबतात. वर ती बहुधा ताठ असते. ४७ किलोच्या स्कीअरला ती वाकवताच येत नाही, आणि न वाकलेली स्की वळत नाही. हलकी स्की हवी ती थकवा कमी व्हावा म्हणून. ही तर थकवा वाढवते. ज्यांना खरोखर स्कीच्या तळाला कातडी (घसरू न देणारी पट्टी) लावून डोंगर चढायचा आहे त्यांची गोष्ट वेगळी.

लिफ्टच्या उतारांसाठी पॉलोनिया किंवा पॉपलरसारख्या हलक्या लाकडाच्या गाभ्याची, धातूचा थर नसलेली किंवा अगदी थोडा असलेली, एका स्कीला साधारण १,२०० ते १,४५० ग्रॅम वजनाची स्की बघा. कंबर, म्हणजे स्कीची मधली रुंदी, ७५ ते ८५ मिमी. ९० च्या वर गेलात की कडक बर्फावर कड लावायला जास्त जोर लागतो आणि तो गुडघ्यातून येतो. वजन टोकांपेक्षा मध्यभागी असेल तर तेवढ्याच वजनाची स्की फिरवायला सोपी जाते. दुकानात टोक धरून स्की हलवून बघा, कळतं.

लांबी उंचीपेक्षा थोडी कमी. १५१ सेंमी उंचीला १४० ते १४८ सेंमी पुरे. "शिकून होईल" म्हणून १५६ घेऊ नका, आणि भीतीपोटी १३० वरही उतरू नका. फार आखूड स्कीवर पुढेमागे तोल सांभाळायला जागा राहत नाही.

छोट्या पण त्रासदायक चुका

ब्रेक: स्कीच्या कंबरेपेक्षा जास्तीत जास्त १५ मिमी रुंद. त्याहून रुंद ब्रेक वळणात बर्फाला घासतो.

घरी भोकं पाडणं. कृपया नको. धातूचा थर नसलेल्या स्कीला ३.५ मिमीचं, असलेल्या स्कीला ४.१ मिमीचं ड्रिल लागतं, खोली ९ मिमी. काही पातळ स्कीला ७ मिमीच. बहुतेक स्कीवर हे छापलेलं असतं. साध्या ड्रिलनं आरपार गेलेल्या स्की दुकानात नेहमी येतात. स्क्रूही पोझिड्राइव्ह खाचेचे असतात. साधा फुलीचा स्क्रूड्रायव्हर डोकं खाऊन टाकतो.

पिनच्या, म्हणजे बुटाचं टोक दोन धातूच्या पिनांनी धरणाऱ्या चढाईच्या बाइंडिंगवर उतरताना पुढचा खटका चालण्याच्या स्थितीत, म्हणजे कुलूपबंद ठेवणं. तसं केलं तर बूट बाजूला सुटत नाही, सेटिंग कितीही अचूक असो. चढ संपला की आधी खटका, मग पाणी, मग फोटो. टाचेमागची फट मॉडेलप्रमाणे ठरलेली असते, कुठे ४ मिमी, कुठे ५.५, कुठे शून्य. माहितीपुस्तिका पाहूनच लावा. आणि फक्त वजन पाहून घेतलेल्या शर्यतीच्या बऱ्याच पिन-बाइंडिंगमध्ये सुटण्याचा जोर बदलताच येत नाही. ती या वाचकांसाठी नाहीत.

टाच दाबून बाइंडिंग बंद होत नाही, ही तक्रार लहान चणीच्या स्कीअर हमखास करतात. आधी तळव्याखालचा बर्फ खरवडून काढा. पुष्कळदा तेवढ्यानं काम होतं. खालच्या बाजूची स्की आधी घाला, स्की उताराला आडवी ठेवा, पुढचं टोक नीट अडकलंय ते पाहा आणि मग टाचेवर सरळ उभ्या राहा. पाय आपटू नका. तरीही जमत नसेल तर पुढचा दाब, म्हणजे टाचेचा भाग बुटाला पुढे ढकलतो तो जोर, जास्त असू शकतो. तो टेक्निशियनकडून तपासून घ्या. खरेदीपूर्वी बूट घालून तीनदा बंद-उघड करून बघा, उघडताना काठीनं. खांदा किंवा मनगट दुखत असेल तर ज्याची टाचेची पट्टी लांब आहे ते बाइंडिंग घ्या, मग ते पन्नास ग्रॅम जड असलं तरी हरकत नाही.

जुनं बाइंडिंग स्वस्तात घेणं: कंपन्या ठरावीक काळानंतर जुन्या मॉडेलचा पाठिंबा काढून घेतात, आणि मग चांगलं दुकान त्याला हातही लावत नाही.

बसवून झालं की टेक्निशियनकडून यंत्रावर प्रत्यक्ष सुटण्याचा जोर मोजून घ्या, पिळाचा आणि टाचेचा दोन्ही, दोन्ही पायांचा. मापपट्टीवरची खूण आणि खरा जोर यांत फरक पडू शकतो. रीडिंग न्यूटन-मीटरमध्ये लिहून मागा आणि आपल्या ओळीशी ताडून पाहा. आणि बूट बदललेत, अगदी त्याच मापाचे नवे घेतलेत, तरी तळव्याची लांबी वेगळी निघू शकते. नवे बूट घेऊन स्कीसकट पुन्हा दुकानात जा. पुढचा दाब, सेटिंग आणि मोजणी, तिन्ही पहिल्यापासून.