मानवशास्त्र विभागातील पाहुण्यांची व्याख्याने : मराठवाड्यातून येणाऱ्या नव्या विद्यार्थ्यांसाठी

नांदेड, परभणी, लातूर, बीड या भागांतून समाजशास्त्र किंवा इतिहास घेऊन पदवीधर झालेले विद्यार्थी मानवशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात येतात, तेव्हा विभागाच्या सूचनाफलकावरील व्याख्यानांच्या सूचनांकडे ते बहुधा हजेरीपुरते पाहतात. अभ्यासक्रम वेगळा आणि पाहुण्यांचे भाषण वेगळे, असा त्यांचा समज असतो. मी स्वतः औसा तालुक्यातून पुण्याला शिकायला गेले आणि आता मराठवाड्यातच शिकवते. या अनुभवावरून माझे ठाम मत असे झाले आहे की या विषयातील फार मोठे शिक्षण अशा व्याख्यानांतच होते. पुस्तकात अभ्यासाचे निष्कर्ष नीट मांडलेले असतात. मात्र संशोधक त्या गावात कोणाच्या ओळखीने पोहोचला, कोणाच्या घरी उतरला, कोणी बोलायला नकार दिला आणि कोणत्या घरात त्याला पाऊलच टाकता आले नाही, हे पुस्तकात क्वचितच येते. हे सारे समोर बसलेल्या माणसाला विचारता येते.

मला सर्वाधिक शिकवून गेलेले व्याख्यान राजगोंडांवर संशोधन करणारे क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांच्या कार्यावर होते. ऑस्ट्रियात जन्मलेले हे मानवशास्त्रज्ञ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हैदराबाद संस्थानात अडकून पडले आणि तेथेच त्यांनी चेंचू, डोंगरी रेड्डी व गोंड या आदिवासी समाजांचा अभ्यास केला. 1940 मधील गोंड नेते कुमराम भीम यांच्या उठावानंतर आदिलाबादमधील गोंडांच्या जमिनींच्या प्रश्नाची पाहणी निजाम सरकारने त्यांच्याकडून करून घेतली आणि पुढे गोंडी भाषेतून शिक्षण देण्याच्या योजनेतही त्यांचा वाटा होता. वक्त्यांनी नकाशा दाखवला, तेव्हा आज नांदेड जिल्ह्यात असलेले किनवट 1956 पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात होते, हे वर्गातील बहुतेकांना प्रथमच कळले. किनवटकडचा एक विद्यार्थी उठला आणि त्याने मराठीतच विचारले, की सरकारनेच पाठवलेल्या माणसाला लोकांनी जमिनीबद्दल सगळे खरे सांगितले असेल का, आणि जे सांगितले नाही ते त्याला कसे समजले असेल. त्यानंतरची सगळी चर्चा या एका प्रश्नाभोवती झाली. संशोधकाला सत्तेचा आधार असणे, त्या आधाराने काही दारे उघडणे आणि काही कायमची बंद होणे, हा संशोधनपद्धतीच्या अभ्यासक्रमातील अवघड भाग आम्हाला त्या दुपारी समजला.

त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नामागे तयारी होती, हे येथे सांगायला हवे. वक्त्यांचा एक लेख त्याने आधी वाचला होता. व्याख्यानाची सूचना लागली की वक्त्यांचे एखादे लिखाण ग्रंथालयातून मिळवावे, पूर्ण समजले नाही तरी प्रस्तावना आणि क्षेत्रकार्याचा, म्हणजे लोकांमध्ये जाऊन माहिती कशी गोळा केली याचा, भाग वाचावा आणि वहीत दोन प्रश्न लिहून ठेवावेत : ही माहिती कोणाकडून आली, आणि कोणाचे म्हणणे यात आलेले नाही. या दोन प्रश्नांतून बाकीचे प्रश्न आपोआप सुचतात. इंग्रजीची भीती वाटत असल्यास मराठीत विचारावे. वक्त्यांना मराठी येत नसेल तर विभागातील शिक्षक भाषांतर करून देतात, आणि त्यात कोणताही कमीपणा नाही. मात्र प्रश्नाच्या नावाखाली स्वतःचे भाषण करू नये. प्रश्न दोन वाक्यांत संपावा.

आपल्या भागाची माहिती ही आपली भक्कम बाजू आहे, हे मराठवाड्यातील विद्यार्थ्यांना उशिरा उमगते, याचे मला मनापासून वाईट वाटते. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतरच्या पुनर्वसनावर एकदा व्याख्यान होते. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील 52 गावे नव्या जागी वसवली गेली आणि घरांचे क्षेत्रफळ जमीनधारणेनुसार 250, 400 व 750 चौरस फूट असे ठरले, ही माहिती वक्त्यांनी दिली. त्यावर लोहारा तालुक्यातील एका विद्यार्थिनीने सांगितले, की तिच्या आजोळच्या गावात पूर्वी भावकी एका गल्लीत राहत होती आणि वेगवेगळ्या आकारांची घरे वेगवेगळ्या ओळींत आल्यामुळे सख्खे भाऊ गावाच्या दोन टोकांना गेले. सणावाराला एकत्र स्वयंपाक करायचा तर भांडी घेऊन रुंद रस्ते ओलांडावे लागतात. वक्त्यांनी ते लगेच टिपून घेतले. एका गावावरून 52 गावांबद्दल बोलता येणार नाही, हेही त्यांनी तिला तितक्याच आदराने सांगितले, आणि आपल्या माहितीची किंमत व तिची मर्यादा दोन्ही तिला एकाच वेळी कळल्या.

विभागात व्याख्यानांखेरीज चर्चासत्रे, कार्यशाळा, माहितीपटांचे खेळ, फेब्रुवारीतील तिसऱ्या गुरुवारी येणाऱ्या जागतिक मानवशास्त्र दिनाचे कार्यक्रम असे बरेच काही होत असते. पहिल्या वर्षी निवड न करता सगळीकडे जावे. अपवाद एकच : केवळ नोंदणीशुल्क घेऊन प्रमाणपत्र देणाऱ्या, आणि दिवसभरात एकही चर्चा न होणाऱ्या परिषदांवर घरून आलेले पैसे खर्च करू नयेत.

ज्या समाजांचा अभ्यास होतो त्यांतील व्यक्तीच पाहुणे म्हणून येतात, त्या कार्यक्रमांविषयी थोडे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. 31 ऑगस्टच्या विमुक्त दिनाला अशा पाहुण्यांना अनेक ठिकाणी बोलावले जाते; संपूर्ण समाजांना जन्मानेच गुन्हेगार ठरवणाऱ्या 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा जाच ज्यांच्या घराण्यांनी सोसला, त्यांच्यासाठी 1952 मध्ये तो कायदा रद्द होणे ही घरातल्या आजोबांच्या आयुष्यातील घटना असते. मी एका ठिकाणी असे पाहिले, की प्राध्यापक वक्त्यांना तासभर मिळाला आणि एका गोंधळी कलावंतांना शेवटी दहा मिनिटे, तीही 'काहीतरी सादर करा' म्हणून. त्यांना संबळ वाजवण्याबरोबरच आपल्या परंपरेतील घराण्यांची विभागणी, यजमानांशी असलेले संबंध आणि मुलांच्या शाळेचा प्रश्न यांवर बोलायचे होते. आयोजनात तुमचा सहभाग असेल तर अशा पाहुण्यांना बोलण्यासाठी तेवढाच वेळ, तसाच मंच आणि तेवढेच मानधन मिळेल याची काळजी घ्या, आणि प्रवासखर्च त्याच दिवशी हातात द्या. रोजंदारी बुडवून आलेल्या माणसाला बिल मंजूर होईपर्यंत थांबायला सांगणे अन्यायाचे आहे.

आयोजनाच्या कामासाठी स्वतःहून पुढे व्हावे, असे मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगते. पाहुण्यांना स्थानकावरून आणताना, चहाच्या वेळी किंवा वेरूळ दाखवायला नेताना जे बोलणे होते, ते सभागृहात होत नाही. पीएच.डी.साठी विषय कसा निवडावा, क्षेत्रकार्यात पैशांची सोय कशी होते, भारतीय मानववैज्ञानिक सर्वेक्षणात किंवा पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत कोणत्या प्रकारची कामे असतात, अशा प्रश्नांची मोकळी उत्तरे येथेच मिळतात. मराठवाड्यात राहूनही ही संधी आहे. तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे संकुल आहे, विद्यापीठांच्या समाजशास्त्र विभागांत व्याख्याने होतात, आणि बाहेरच्या विद्यार्थ्याने आधी पत्र लिहून विचारले तर बहुधा बसू दिले जाते.

व्याख्यान झाल्यावर त्याच रात्री टिपणे पुन्हा लिहून काढावीत आणि आठवड्याच्या आत वक्त्यांना आभाराचे पत्र पाठवावे. पत्रात त्यांच्या मांडणीतील नेमका कोणता मुद्दा आपल्या गावाच्या संदर्भात पटला किंवा पटला नाही, ते चार ओळींत लिहावे आणि वाचण्यासाठी एखादे लिखाण सुचवण्याची विनंती करावी. ध्वनिमुद्रण केले असेल तर ते त्यांच्या परवानगीशिवाय कोणालाही पाठवू नये. त्यात क्षेत्रातील माणसांची नावे आली असतील, तर परवानगी असूनही आधी ती नावे काढून टाकावीत.