कागद वाळेना? पावसाळ्यात ओल्या-कोरड्या माध्यमांच्या या चुका टाळा

गोव्यात जुलैमध्ये जलरंगाचा वॉश, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा थर, दिला की अर्धा तास उलटला तरी कागद दमटच असतो. चित्र बिघडलं की आपण रंगाला, नाहीतर कागदाला नावं ठेवतो. बहुतेक वेळा खरा घोळ असतो पाण्याचा, म्हणजे ते अजून कागदात आहे की उडून गेलं आहे, हे न बघता आपण पुढचं काम सुरू करतो.

सगळ्यात नडणारी चूक म्हणजे अर्धवट ओल्या भागावर पुन्हा ब्रश टेकवणं. वॉशची चकाकी गेली, पण आत ओल आहे. अशा वेळी ब्रशमधलं जास्तीचं पाणी आधीच्या रंगाचे कण बाहेर ढकलतं आणि फुलकोबीसारखी दातेरी कडा उमटते. म्हणून काम दोनच अवस्थांत करायचं: पूर्ण चकाकत असताना किंवा पूर्ण वाळल्यावर. बोटांची मागची बाजू कागदाला लावून बघा. गार लागलं तर ओल आहे, थांबा. हेअर ड्रायर वापरायचा तर चकाकी गेल्यावरच, साधारण ३० सेंटिमीटरवरून. आधी लावलात तर हवेने थारोळंच सरकतं. फुलकोबी आलीच तर लगेच पुसायला जाऊ नका. पूर्ण वाळू द्या, मग ओलसर ताठ ब्रशने कडा हळूहळू सैल करा आणि टिश्यूने टिपा.

दुसरी चूक क्रमाची. चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, भिंत घ्या. पावसात भिजलेल्या चिऱ्याचा गडद, मुरलेला लाल रंग वॉशनेच येतो. बर्न्ट सिएना या तांबूस तपकिरी रंगात थोडा अल्ट्रामरीन निळा घातला की सावलीही त्याच कुळातली निघते. पण चिऱ्याची भोकं आणि खरखर दाखवायला पेस्टल किंवा कोळसाच हवा, कारण कोरडी कांडी कागदाच्या फक्त उंचवट्यांवर रंग सोडते आणि खळगे मोकळे ठेवते. आधी वॉश, पूर्ण वाळवण, मग पेस्टल आडवं धरून हलक्या हाताने. उलट केलं तर भुकटी पाण्यात कालवून चिखल होतो. दमट कागदावर ओढलं तर खडू कागदाच्या दाण्यावर, म्हणजे उंचवट्यांवर, न बसता माखतो. दाणा दिसायला हवा असेल तर ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) कोल्ड प्रेस किंवा रफ, म्हणजे खरखरीत पृष्ठभागाचा, कागद घ्या. गुळगुळीत कार्ट्रिज कागदावर भिंत प्लास्टर केल्यासारखी दिसते!

पेनच्या रेघेवर वॉश द्यायचा असेल तर शाई वॉटरप्रूफ हवी. साधी फाउंटन पेनची शाई पहिल्याच ब्रशला करडी होऊन पसरते.

फिक्सेटिव्ह, म्हणजे पेस्टल-कोळशाची भुकटी कागदावर पक्की करणारा फवारा, भर पावसात मारलं तर वर पांढरट धूसर थर येऊ शकतो. त्यातल्या त्यात कोरडी दुपार बघा, हवा खेळती ठेवा आणि ३० सेंटिमीटरवरून दोन-तीन पातळ हात द्या. एकच जाड हात दिला की पेस्टलचे फिकट रंग काळवंडतात. म्हणून शेवटचे उजळ फटके फिक्सेटिव्हनंतरच मारावेत.

रंग लागू नये म्हणून कागदावर लावायचं मास्किंग फ्लुइड दिवसेंदिवस तसंच ठेवू नका. काढताना कागदाचं सालही निघतं.

कपाटात दोन पावसाळे पडून राहिलेला जलरंगाचा कागदही दगा देतो. त्याला कारखान्यात सरस लावलेला असतो, म्हणून पाणी काही वेळ वर थांबतं. ओल आणि बुरशीने तो सरस मरतो आणि वॉशमध्ये मधेच शोषलेले गडद ठिपके दिसू लागतात. कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब टाका. क्षणात मुरला तर तो कागद जलरंगाला गेला असं समजा. फेकू मात्र नका, बुरशी दिसत नसेल तर कोळशाला चालतो. नवे कागद घट्ट झाकणाच्या पेटीत, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा.

फ्रेम करताना काच चित्राला टेकू देऊ नका, मधे माउंट, म्हणजे चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट, हवाच. पेस्टलच्या चित्राला तर जास्तच जाड. आणि पावसाची झड झेलणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर आतून चित्र टांगू नका. बुरशी पाठीमागून चढते, आणि पुढून दिसते तेव्हा उशीर झालेला असतो.